चाकांवरचे घर आणि त्याचे सांडपाणी

झोपण्यासाठी बाके, स्वयंपाकाचा ओटा, हात धुण्याचे बेसिन, लहानशी मोरी आणि शौचालय अशा सर्व सोयी एकाच वाहनात बसविलेल्या असतील, तर त्या वाहनास कॅराव्हॅन असे म्हणतात. अमेरिकेत व युरोपात अशा वाहनांतून प्रवास करण्याची प्रथा शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टॅम्पा येथे १९१९ मध्ये अशा प्रवाशांनी आपली संघटनाही स्थापन केली होती. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. जेथे पक्की निवासस्थाने बांधणे शक्य नाही किंवा इष्ट नाही, अशा किल्ल्यांच्या पायथ्याशी, समुद्रकिनारी वा धरणांच्या परिसरातही पर्यटकांना मुक्काम करता यावा, हा त्यामागील विचार होय.

पाहुणा घर घेऊनच येणार असला, तरी त्या घरातील सांडपाणी आणि मैला कोठे जाणार, हा प्रश्न यजमान गावाला विचारावाच लागतो. त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी वाहनातील नळ, ट्रॅप, हवानळी व टाकी यांची रचना माहीत असणे उपयुक्त आहे. या रचनेचा अभ्यास केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. वाहनातील टाकी मैल्याची विल्हेवाट लावीत नाही. ती फक्त मुदत देते. ही मुदत संपते त्या ठिकाणी योग्य सोय असेल, तर सारी व्यवस्था निर्दोष ठरते. तशी सोय नसेल, तर उत्तम वाहनदेखील गावच्या ओढ्याला घातक ठरू शकते.

घर आणि वाहन यांतील फरक

गावातील शौचालयातून बाहेर पडणारा मैला उताराने वाहत शोषखड्ड्यात, सेप्टिक टँकमध्ये किंवा भुयारी गटारात जातो. त्याला जमिनीचा आधार असतो आणि वाट मोकळी असते. वाहनाच्या बाबतीत मात्र सगळी वाट तळाशी बसविलेल्या टाकीपाशी संपते. जागा अपुरी असते, उंची थोडी असते आणि वाहन हलत असते. शिवाय प्रत्येक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्यामुळे टाकी हवी तेवढी मोठी करता येत नाही. या चार अडचणींतून वाहनातील नळकामाची खास पद्धत निर्माण झाली आहे.

अशा वाहनात सामान्यतः तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी ओटा, बेसिन व मोरी यांतील सांडपाण्याची. तिसरी शौचालयाखालील मैल्याची. इंग्रजी परिभाषेत दुसऱ्या टाकीतील पाण्याला करडे व तिसऱ्या टाकीतील पाण्याला काळे पाणी असे म्हणतात. मराठीत ‘काळे पाणी’ या शब्दांना अंदमानची आठवण चिकटलेली आहे. त्यामुळे सांडपाण्याची टाकी आणि मैलाटाकी हे सरळ शब्दच सोयीचे ठरतात.

या दोन टाक्या वेगळ्या ठेवण्यामागे कारण आहे. सांडपाणी प्रमाणाने पुष्कळ, पण त्यात जंतू त्या मानाने कमी असतात. मैला प्रमाणाने थोडा, पण हगवण, विषमज्वर, कावीळ आदी रोगांचे जंतू त्यात असू शकतात. दोन्ही एकत्र केल्यास थोडी घाण पुष्कळ होते. जी गोष्ट घरी, तीच वाहनात. मोरीचे पाणी आणि संडासाचे पाणी वेगळे ठेवणे हे स्वच्छतेचे पहिले पाऊल आहे.

ट्रॅप : वाकलेल्या नळातील पाण्याची भिंत

बेसिनच्या खाली नळाला दिलेले वळण अनेकांनी पाहिलेले असते. या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते. त्यावरून नवे पाणी वाहून जाऊ शकते, पण टाकीतील वायू उलट दिशेने घरात येऊ शकत नाही. यालाच ट्रॅप असे म्हणतात. शौचकूपाला असे वळण देण्याच्या पद्धतीचे पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी इंग्लंडमध्ये १७७५ मध्ये घेतले होते. ग्रामीण भागात बांधल्या जाणाऱ्या जलबंद शौचालयाच्या भांड्याखालील कोंबडा याच तत्त्वावर काम करतो. त्यात सुमारे २० मिलिमीटर पाण्याचा बंध असतो. बेसिन व मोरीच्या ट्रॅपमध्ये तो साधारणपणे ५० मिलिमीटर ठेवला जातो.

वाहनात या पाण्याच्या भिंतीला दोन शत्रू असतात. पहिला धक्क्यांचा. खडबडीत रस्त्यावर ट्रॅपमधील पाणी हिंदकळून निघून जाते. दुसरा उन्हाचा. वाहन काही आठवडे उन्हात उभे राहिले, की पाणी आटते. दोन्ही प्रसंगी वाहनात दुर्गंधी पसरते आणि टाकी फुटली असावी असा समज होतो. वस्तुतः प्रत्येक जाळीत पेलाभर पाणी ओतले, की दुर्गंधी थांबते. काही वाहनांत पाण्याऐवजी लवचीक पडदा असलेला ट्रॅप बसवितात. पाणी आले की पडदा उघडतो आणि पाणी गेले की आपोआप मिटतो. तो हिंदकळत नाही व आटतही नाही.

हवानळीचे महत्त्व

तेलाच्या डब्याला दुकानदार एकच भोक पाडीत नाही; समोरासमोर दोन पाडतो. एकातून तेल बाहेर येते व दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल, तर तेल अडखळत, गटगट आवाज करीत पडते. वाहनाच्या छतावर निघणारी हवानळी हे नळयोजनेचे दुसरे भोक होय.

हवानळीची कामे दोन आहेत. पाणी वेगाने खाली जाताना आपल्यामागील हवा ओढून नेते. त्या जागी हवा पुरविली गेली नाही, तर ट्रॅपमधील पाणीच ओढले जाते आणि जलबंद मोडतो. तसेच टाकी भरू लागली, की आतील हवेला व वायूला बाहेर पडण्यासाठी वाट लागते. ती वाट छतावर नसेल, तर वायू शौचालयाच्या भांड्यातून वर येतो.

येथे जोडणीतील एक लहानशी चूक मोठा त्रास देते. हवानळीचे खालचे टोक टाकीच्या वरच्या पृष्ठभागाशी संपले पाहिजे. ते खाली सरकून टाकीत लोंबू लागले, तर टाकी निम्मी भरताच टोक मैल्यात बुडते आणि हवानळी बंद पडते. बाहेरून सर्व काही ठीक दिसते; भांड्याची झडप उघडताच मात्र दाबलेला वायू तोंडावर येतो. छतावरील पंखा चालू असताना झडप उघडली तरी असेच घडते, कारण पंखा वाहनातील हवा बाहेर ओढत असतो आणि तिची जागा घेण्यासाठी टाकीतील वायू वर येतो. म्हणून आधी पंखा बंद व नंतर झडप उघडी, हा क्रम शिकविला जातो.

ओट्याखाली, जेथून छतापर्यंत नळ नेणे अवघड असते, तेथे हवा आत घेणारी पण बाहेर न सोडणारी एकमार्गी झडप बसवितात. अशा झडपेने ट्रॅपचे रक्षण होते. टाकीतील वायू मात्र तिच्यातून बाहेर जात नाही. म्हणून टाकीची छतावरील हवानळी तिच्यामुळे वगळता येत नाही.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. बाटलीच्या तोंडात नरसाळे बसवून भोवतीची फट ओल्या मातीने पूर्ण बुजवावी व नरसाळ्यात पाणी ओतावे. पाणी थोडे आत जाऊन थांबते. मातीत काडीने भोक पाडताच ते खाली उतरते. एवढ्या प्रयोगावरून गावातील सेप्टिक टँकवर हवानळी का हवी, हेही मुलांच्या ध्यानी येईल.

मैलाटाकी आणि तिचा हिशेब

वाहनातील शौचपात्राची रचना घरातील पात्राहून निराळी असते. त्याच्या तळाशी वळणाचा ट्रॅप नसतो. पायाने दाबून उघडण्याची झडप असते. झडपेवर थोडे पाणी राहते आणि तेच जलबंदाचे काम करते. टाकी बहुधा पात्राच्या थेट खाली असते, म्हणून मैला सरळ खाली पडतो. मैल्याचा निचरा नळ ७५ मिलिमीटर व्यासाचा, तर सांडपाण्याचे नळ सामान्यतः ४० मिलिमीटरचे असतात. आडव्या नळांना दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर उतार देतात. उतार इतका अल्प असल्याने वाहन सपाट जागी उभे न केल्यास तो नाहीसा होतो आणि मोरीत पाणी तुंबते.

अशा शौचालयात दर खेपेस एक ते दोन लिटर पाणीच लागते. चौघांचे कुटुंब आणि प्रत्येकी दिवसाला पाच खेपा असे धरले, तर दीड लिटरप्रमाणे ३० लिटर पाणी होते. शरीरातून पडणारे द्रव्य सुमारे ६ लिटर मिळविल्यास दिवसाची बेरीज ३६ लिटर येते. म्हणजे १२० लिटरची टाकी तीन दिवसांत जवळजवळ भरते. तथापि हा हिशेब कागद वापरणाऱ्या प्रवाशांचा आहे. भारतात पाण्याने स्वच्छता करण्याची पद्धत आहे. त्यासाठी दर खेपेस आणखी दीड लिटर पाणी धरल्यास रोजची बेरीज ६६ लिटरवर जाते आणि तीच टाकी दोन दिवसही पुरत नाही. परदेशी आराखड्यावरून बांधलेले वाहन येथे वापरताना हा फरक विसरून चालणार नाही. टाकी अपेक्षेपूर्वी भरते, तेव्हाच ती भलत्या ठिकाणी रिकामी करण्याचा मोह होतो.

सांडपाण्याची टाकी भरल्याची खूण वेगळी असते. मोरीची जाळी सर्वांत खालच्या पातळीवर असल्याने टाकी भरताच पाणी प्रथम मोरीत वर येते. ओट्यावर भांडी धुतली जात असताना मोरीत खरकटे पाणी दिसू लागले, तर नळ तुंबला असे न समजता आधी टाकी तपासावी.

झडप उघडी ठेवण्याची चूक

प्रत्येक टाकीच्या निचरा नळावर सरकती झडप असते. मुक्कामाच्या तळावर गटाराची जोडणी मिळाली, की मैलाटाकीची झडप कायम उघडी ठेवावी असे नवख्या प्रवाशास वाटते. त्याचा परिणाम उलट होतो. पातळ भाग लगेच वाहून जातो आणि घट्ट भाग पात्राखाली साचत जातो. काही दिवसांत त्याचा वाळलेला ढीग तयार होतो आणि नळ बंद होतो. मैला वाहण्यासाठी पाण्याचा लोंढा लागतो, नुसता झिरपा पुरत नाही. म्हणून मैलाटाकीची झडप बंद ठेवावी, टाकी बरीचशी भरू द्यावी आणि मग ती एकदम सोडावी. टाकी रिकामी झाल्यावर तळ झाकेल इतके पाणी आत सोडूनच तिचा पुन्हा वापर सुरू करावा.

रिकामी करण्याची रीत

टाकी रिकामी करण्याची जागा म्हणजे काँक्रीटचा लहान ओटा असतो. तो चारी बाजूंनी मध्याकडे उतरता केलेला असून मध्यभागी झाकण असलेले तोंड असते. रबरी हातमोजे घालून लवचीक नळाचे एक टोक वाहनाला व दुसरे या तोंडाला घट्ट बसवितात. प्रथम मैलाटाकीची झडप उघडतात. ती पूर्ण रिकामी झाली, की बंद करून सांडपाण्याची टाकी सोडतात. साबणाचे हे पाणी नळातील मैला धुऊन नेते. क्रम उलटा केल्यास नळ घाणच राहतो.

या ठिकाणी पाण्याचे दोन नळ असावेत व ते एकमेकांपासून दूर असावेत. एक नळ धुण्यासाठी असतो. त्यावर ‘पिण्यासाठी नव्हे’ अशी ठळक पाटी हवी. दुसरा पिण्याच्या पाण्याचा. मैलाटाकी ज्या रबरी नळीने धुतली, त्याच नळीने स्वच्छ पाण्याची टाकी भरण्याएवढी धोक्याची गोष्ट दुसरी नाही.

रसायने आणि सेप्टिक टँक

दुर्गंधी दबावी म्हणून मैलाटाकीत औषधी द्रव घालण्याची पद्धत आहे. यांपैकी काही द्रवांत फॉर्मॅल्डिहाइड असते. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक वा मासा ज्या फॉर्मॅलिनच्या बरणीत न कुजता राहतो, तेच हे द्रव्य. बरणीत कुजणे थांबविणे हे त्याचे काम असते आणि टाकीतही ते तेच करते. सेप्टिक टँकचे कार्य मात्र जीवाणूंनी मैला कुजविण्यावर अवलंबून असते. म्हणून असा मैला वारंवार सेप्टिक टँकमध्ये पडल्यास तेथील जीवाणू मरतात आणि अर्धवट कुजलेली घाण शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रे बुजविते. वाहनातील मैला घरातील मैल्यापेक्षा घट्टही असतो व तो एकाच वेळी शंभर-सव्वाशे लिटर येऊन पडतो. म्हणून शाळेच्या किंवा ग्रामपंचायत कार्यालयाच्या लहान सेप्टिक टँकवर वाहनांचा भार टाकणे योग्य नव्हे.

रेल्वेने काढलेला मार्ग

हलत्या वाहनातील मैल्याचा प्रश्न भारताला नवा नाही. रेल्वेच्या जुन्या डब्यांतील मैला सरळ रुळांवर पडत असे. गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये, ही सूचना त्यामुळेच लिहिलेली असे. रूळ व त्यांची बांधणी यांना गंज चढे. परंतु त्याहून मोठा दोष असा, की ही घाण काढण्याचे काम माणसांच्या माथी येत असे.

संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने मैला पचविणाऱ्या जीवाणूंचे मिश्रण तयार केले आणि जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर ते वाराणसी धावणाऱ्या बुंदेलखंड एक्स्प्रेसमध्ये अशी जैव-शौचालये प्रथम बसविण्यात आली. डब्याखालील टाकीत जीवाणू मैल्याचे पाणी व वायू यांत रूपांतर करतात आणि उरलेले पाणी क्लोरिनच्या संपर्कातून बाहेर पडते. पुढे ही पद्धत देशभर डब्यांतून पसरली. तथापि ही शौचालये तुंबण्याच्या तक्रारींची नोंद महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात आहे. बाटल्या, चिंध्या व प्लॅस्टिक जीवाणूंना पचत नाही. तंत्र कितीही चांगले असले, तरी वापरणाऱ्याची शिस्त त्याच्या जोडीला लागतेच.

गावाची जबाबदारी

कॅराव्हॅन आपल्या गावी कधी येणारच नाही, असे काही ग्रामपंचायतींना वाटेल. परंतु फिरती शौचालये आता गावोगावी येतात. आषाढी वारीत पालख्यांच्या मुक्कामी, यात्रेच्या मैदानावर आणि मोठ्या बांधकामांच्या जागी ती उभी राहतात. त्यांच्याही तळाशी टाकीच असते आणि त्या टाकीचीही मुदत संपते.

म्हणून अशा वाहनांना वा शौचालयांना जागा देण्यापूर्वी चार गोष्टी निश्चित कराव्यात. पहिली, मैला कोठे रिकामा होणार आणि त्याची पुढील प्रक्रिया कोठे होणार. वाई व सिन्नर या नगरपरिषदांनी घरोघरच्या सेप्टिक टँक ठरावीक मुदतीने उपसण्याची सेवा आणि मैलागाळ प्रक्रिया केंद्र या दोन्ही सोयी उभारल्या आहेत. जवळच्या शहरात असे केंद्र असल्यास त्याच्याशी आधीच बोलणी करावीत. दुसरी, स्वतंत्र सेप्टिक टँक बांधायचा झाल्यास त्याचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा. सह्याद्रीच्या भेगाळलेल्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून दूरवर जाते, म्हणून तेथे हे अंतर वाढवावे आणि विहिरीच्या वरच्या अंगास शोषखड्डा घेऊ नये. तिसरी, फॉर्मॅल्डिहाइडयुक्त द्रव वापरण्यास मनाई करावी. चौथी, ओढा, नाला व रस्त्याच्या कडेला टाकी सोडणाऱ्यावर कारवाई होईल, ही अट परवानगीतच लिहावी.

या सर्वांहून महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. टाकी तुंबली म्हणून कोणालाही तिच्यात उतरू देऊ नये. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. सडक्या अंड्यासारख्या वासावरून तो प्रथम ओळखू येतो. पण प्रमाण वाढताच वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि धोका टळला असे वाटते. एक माणूस कोसळला म्हणून त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही त्याच वायूला बळी पडतो. २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक यांची अशी धोकादायक सफाई माणसांकडून करवून घेण्यास मनाई केली आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. परंतु गेलेला माणूस भरपाईने परत येत नाही. उपसणी यंत्रानेच व्हावी, ही अट ठरावात नोंदविणे हाच खरा उपाय होय.

मैला उचलण्याच्या कामातून माणसाची सुटका व्हावी म्हणून अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. मैला डोळ्यांआड केला म्हणजे प्रश्न सुटत नाही. तो पुढे कोणाच्या हाती जातो हे पाहावे लागते, हा त्या कार्याचा धडा आहे. चाकांवरच्या घरालाही तोच लागू पडतो. पाहुण्यांचे स्वागत अवश्य करावे. मात्र त्यांची टाकी रिकामी होण्याची जागा स्वागताची कमान उभारण्यापूर्वी बांधावी.